पक्षी किती मरतील? तुम्हाला किती चालतील?

भाकीत या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल, तर तो दाभोळला. पंचांगकर्ते दाते सोलापूरचे, हे मान्य. पण पंचांग चुकलं तर फार तर एखादा नारळ फुकट जातो. दाभोळच्या नावावर जे भाकीत झालं, त्यात राज्याचं वीज मंडळ बुडायची वेळ आली.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९९२ साली एन्रॉन नावाची अमेरिकन कंपनी आली. महाराष्ट्राला पुढे किती वीज लागणार, हे तिने आणि आपल्या सरकारने मिळून ठरवलं. १९९३ मध्ये जागतिक बँकेने सांगितलं की हे आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही. आपल्याकडे जागतिक बँकेचं फक्त कर्ज घेतात, सल्ला घेत नाहीत. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये तो रद्दही झाला. पुढच्या वर्षी नवा करार झाला तेव्हा २,०१५ मेगावॉटचा प्रकल्प २,१८४ मेगावॉटचा झालेला होता. समुद्रात बुडवायला नेलेली वस्तू इतकी फुगून वर आल्याचं दुसरं उदाहरण कोकणात नाही. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच डिसेंबरात खुद्द एन्रॉनने दिवाळं जाहीर केलं. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजा, असा तो करार होता. विजेची मागणी मात्र भाकितात होती तेवढी आलीच नाही.

यातली खरी गंमत अशी की हे सगळं दाभोळात घडलंच नाही. प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या हद्दीत. दाभोळ दापोली तालुक्यात. कंपनीने नाव तेवढं आमचं नेलं. वीज पलीकडे, बदनामी अलीकडे, मधे वासिष्ठी. (अणुप्रकल्प जैतापूरचा म्हणतात, जागा माडबनची. प्रकल्पाला गाव एक द्यायचं आणि जमीन दुसऱ्याची घ्यायची, हे आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य समजा.)

आता म्हणाल, विषय पक्ष्यांचा आणि एन्रॉन कुठून काढली? थांबा. एन्रॉनच्या पवनचक्क्याही होत्या.

१९९७ मध्ये एन्रॉनने कॅलिफोर्नियातली झाँड नावाची पवनचक्क्यांची कंपनी विकत घेतली आणि तिचं 'एन्रॉन विंड' झालं. या एन्रॉन विंडला कॅलिफोर्नियात गॉर्मन नावाच्या जागी पवनचक्क्या उभारायच्या होत्या. पण त्या बाजूच्या आभाळात कॉंडॉर फिरतो. कॉंडॉर म्हणजे तिकडचं अवाढव्य गिधाड. १९८७ मध्ये जंगलातला शेवटचा कॉंडॉर पकडून पिंजऱ्यात ठेवला, तिथे पिलं वाढवली आणि १९९२ पासून ती पुन्हा रानात सोडायला सुरुवात केली. इतक्या खटपटीने जगवलेला पक्षी पात्यांत जाऊन कापला जाईल, म्हणून पक्ष्यांसाठी झटणाऱ्या ऑडुबॉन सोसायटीने १९९९ मध्ये मोहीम उघडली. आणि एन्रॉनने माघार घेतली. ती जागाच सोडून दिली.

वर्ष पुन्हा वाचा. १९९९. त्याच वर्षी जानेवारीत ह्युमन राइट्स वॉचचा अहवाल प्रसिद्ध झाला, तो याच कंपनीच्या अंजनवेलच्या प्रकल्पाबद्दल. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना झालेली मारहाण आणि अटक, जून १९९७ मध्ये वेलदूरच्या घरांत शिरून पोलिसांनी केलेली कारवाई, सगळं त्यात आहे. इथे मात्र कुणी जागा सोडली नाही. कॉंडॉरला मत नव्हतं, सातबारा नव्हता, रेशनकार्डही नव्हतं, तरी तो जिंकला. वेलदूरच्या मच्छीमार बायकांकडे हे तिन्ही होतं. त्यांच्याकडे नव्हती ती ऑडुबॉन सोसायटी.

कॉंडॉरवर माझा राग नाही. उलट त्याने एक गोष्ट सिद्ध केली. पक्षी आपटतील का, हा प्रश्न पवनचक्की उभी राहण्याच्या आधी विचारता येतो, आणि उत्तर पटलं नाही तर पवनचक्की दुसरीकडे नेता येते. एवढं एन्रॉनलाही कळलं होतं. आता पुढचा प्रश्न: पक्षी आपटतील हे आधी कळतं कसं?

त्याला सूत्र आहे. सूत्र स्कॉटलंडचं, बिल बँड नावाच्या गृहस्थांनी बसवलेलं, जगभर वापरलं जाणारं. आधी माणसं बसवून मोजायचं की या जागेवरून, पात्यांच्या उंचीवर, वर्षात किती पक्षी जातात. मग एक पक्षी फिरत्या पात्यांमधून गेला तर त्याला फटका बसण्याची शक्यता किती, ते काढायचं. त्यासाठी पक्ष्याची लांबी, पंखांचा पसारा, उडण्याचा वेग, पात्याची रुंदी, फिरण्याचा वेग, सगळं लागतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून पक्ष्याचा आकार साध्या फुलीचा धरतात. एक आडवी रेघ पंखांची, एक उभी अंगाची. गणितात पक्ष्यावर फुली पहिल्याच पानावर पडते, हे मला आवडलं.

इथवर सगळं शास्त्र आहे आणि प्रामाणिक आहे. मग शेवटच्या पायरीवर येतो टाळण्याचा दर.

पक्षी काही आंधळा नसतो. चक्की दिसली की बहुतेक वेळा वळतो. म्हणून आलेल्या आकड्यातून 'टाळणारे' वजा करायचे. किती टाळतात? पाककृतीत लिहितात ना, मीठ चवीनुसार. तसं. समजा हिशेबात आलं की पक्षी अजिबात वळले नाहीत तर वर्षाला हजार मरतील. टाळण्याचा दर ९५ टक्के धरला तर मरणारे ५०. ९८ धरला तर २०. ९९ धरला तर १०. ९९.८ धरला तर दोन. पक्षी तेच, पाती तीच, वारा तोच. टक्का जागेवरून जेमतेम हलला आणि ५० मढ्यांची दोन झाली. आमच्या तालुक्यातल्या भल्याभल्या मुकादमांनाही इतकी माणसं हजेरीपटावरून उडवता आली नसती.

स्कॉटलंडवाल्यांनी निदान तक्ता करून ठेवला आहे. माहिती नसेल तर ९८ धरा, सोनेरी गरुडाला ९९, रानहंसांना ९९.८. आणि पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाला फक्त ९५, कारण हा गडी चक्की टाळण्यात कच्चा आहे. नॉर्वेच्या स्म्योला बेटावर ६८ पवनचक्क्या आहेत, तिथे तो मरत आला आहे.

इथे दाभोळच्या वाचकाने कान टवकारावेत. आपल्या किनाऱ्यावर जो समुद्री गरुड आहे, पांढऱ्या पोटाचा, तो याच कुळातला. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचा हा एवढा पसारा घालतो आणि वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्रने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली त्याची घरटी हिंडून हिंडून शोधली आहेत. त्याच्यासाठी टक्का कोणता? तक्त्यात त्याची ओळ नाही. मग सल्लागार ९८ धरेल की ९५, हे गरुडाच्या डोळ्यांवर अवलंबून नाही, सल्लागाराचं बिल कोण भरतं त्यावर आहे.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर एका तांडेलमामांना मी हे गणित समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मेले किती ते आधी ठरवायचं नि पक्षी मागाहून मोजायचे, असंच ना?" मी म्हटलं, मामा, तुम्ही सल्लागार व्हा. ते म्हणाले, बोट कोण लावणार मग?

तर भाकीत खरं ठरतं का, हे कुणी तपासलं? तपासलं, स्पेनमध्ये. तिथल्या दक्षिण भागातल्या ५३ प्रस्तावित पवनऊर्जा प्रकल्पांचे आधीचे धोका-अहवाल काढले. त्यातले २० प्रत्यक्ष उभे राहिले होते. तिथे खरोखर मेलेले पक्षी मोजले आणि आधीच्या अहवालांशी ताडून पाहिले. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: मेळ लागत नाही. ज्या जागा धोक्याच्या म्हटल्या होत्या तिथे जास्त मेले आणि ज्या सुरक्षित म्हटल्या तिथे कमी, असं काही दिसलं नाही. जागेवर पक्षी जास्त म्हणून मृत्यू जास्त, हे साधं गणितही चाललं नाही. कारण पक्षी काही प्रकल्पाला धडकत नाही, एका विशिष्ट चक्कीला धडकतो. वारा डोंगराला आपटून जिथून वर चढतो त्या वाटेवर जी चक्की असेल तिला. शेजारची चक्की वर्षभर निष्पाप उभी असते. आणि गिधाडाचं तर असं की ते उडताना खाली बघतं, मेलेलं ढोर शोधत. मान खाली घातली की त्याला समोरचं दिसतच नाही, त्याच्या दृष्टीची ठेवणच तशी आहे. लाखो वर्षं आभाळात समोर काही आडवं आलंच नव्हतं, तर बघायचं कशाला?

या सगळ्या युरोपीय भानगडीत आपण कुठे बसतो? आपण बसतच नाही. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत पवनऊर्जेला आधी पर्यावरण मंजुरी घ्यायची अटच नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने उद्योगांचे रंग ठरवले, लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा. पांढरा म्हणजे धुतल्या तांदळासारखा. पवनऊर्जा पांढऱ्यात. आता प्रदूषणापुरतं ते खरंच आहे. पवनचक्की धूर सोडत नाही, राख सोडत नाही, खाडीत गरम पाणी सोडत नाही. पण पक्षी प्रदूषणाने मरत नाही हो, पात्याने मरतो. लांबून पातं आळसावून फिरतंय असं वाटतं, पण मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर जातं. तिकडे चुकीचं भाकीत करतात. आपण भाकीतच मागत नाही, त्यामुळे आपलं कधी चुकत नाही.

तरीही काही खटपट्या माणसांनी काम केलंच. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या भांबरवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांपाशी पक्षी कसे, किती उंचीवर उडतात, कोणत्या जातीला धडकेचा धोका किती, याचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या डोंगरावर, आपल्या पक्ष्यांवर हे करता येतं, हे दाखवून झालं आहे.

आणि मग आली चाळकेवाडी. साताऱ्याच्या वरचं ते पठार तुम्ही पाहिलं असेल, ठोसेघरचा धबधबा बघायला गेलात की पुढे चक्क्यांचं रान लागतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी तिथे काम केलं, २०१८ मध्ये छापलं. चक्क्यांच्या भागात आणि शेजारच्या बिनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी मोजले. चक्क्या नाहीत तिथे ते जवळजवळ चौपट. चक्क्या आहेत तिथे घारी-ससाण्यांनी पठार सोडलेलं. आणि सरडे? सरड्यांची चंगळ. वरून झडप घालणारं कुणी राहिलं नाही, म्हणून संख्या वाढली, भीड चेपली, माणूस पार जवळ आला तरी पळेनात. रक्तातलं ताणाचं रसायनही उतरलं. फक्त गर्दीत खाणं पुरेना म्हणून अंगाने वाळले. निर्धास्त, निवांत आणि उपाशी. एखाद्या सरकारी योजनेचे लाभार्थी शोभावेत असे.

आता या पठारावर पक्षी-धडकेचा अहवाल केला तर काय येईल? जवळपास शून्य. धडकायला पक्षी हवा ना. कंपनी तो शून्य चौकटीत बसवून भिंतीवर लावू शकते. धडक ही मोजायची एकच गोष्ट मानली की सगळे पक्षी हाकलून देणं हा सर्वांत यशस्वी उपाय ठरतो. दारात पवनचक्क्या असलेल्या सातारच्या सरड्याला जे कळलं, ते सूत्रात लिहिलेलं नाही.

जिथे पक्षी शिल्लक आहेत तिथली मोजणी हा आणखी वेगळा तमाशा. चक्कीखाली मढी शोधायची. पठारावर कमरेएवढं गवत, त्यात पाकोळी कुठे सापडणार? शिवाय रात्री कोल्हा येतो, पहाटे कुत्रं येतं, दिवसा मुंगूस. पंचनाम्याआधी पुरावा खाऊन टाकणारी ही यंत्रणा कुणाच्याही पगारावर नाही, तरी कामात कसूर करत नाही. म्हणून परदेशात आधी मेलेले पक्षी मुद्दाम टाकून ठेवतात आणि बघतात की किती दिवसांत गायब होतात आणि शोधणाऱ्या माणसाला त्यातले किती सापडतात. त्यावरून खरा आकडा सुधारून घेतात. आमच्याकडे असा प्रयोग करायचा तर मेलेला पक्षी टाकायलाही वनखात्याची परवानगी लागेल. ती मिळेपर्यंत चक्कीचं आयुष्य संपलेलं असेल.

इथे एक हुशार वाचक हात वर करतो. मांजरं याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात, खिडक्यांच्या काचा मारतात, विजेच्या तारा मारतात. खरं आहे. तारांचं तर फारच खरं आहे. राजस्थानात जैसलमेरकडच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांमुळे वर्षाला ८४,००० पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे, आणि माळढोकापायी हे प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलं. पण मांजराचं सांगू नका. मांजर चिमणी मारतं. समुद्री गरुड मारणारं मांजर दाभोळ बंदरात अजून जन्माला आलेलं नाही. चिमणी वर्षात पुन्हा पुन्हा अंडी घालते. गरुडाचं जोडपं वर्षाला एखाद-दुसरं पिल्लू वाढवतं. दहा चिमण्या आणि दहा गरुड हे एकाच रकान्यात लिहिणाऱ्याला हिशेबनीस म्हणत नाहीत.

आणि पवनचक्की नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्या जिल्ह्याने अंजनवेलचा वायू पाहिला, जयगडचा १,२०० मेगावॉटचा कोळसा पाहिला, माडबनला ९,९०० मेगावॉटच्या अणूची स्वप्नं पाहिली आणि नाणारला तेल येता येता राहिलं, त्याने वाऱ्यावर नाक मुरडणं शोभत नाही. शिवाय वारा आमचा जुना भिडू आहे. १९८६ मध्ये देशात पहिल्या प्रात्यक्षिक पवनचक्क्या ५५ किलोवॅटच्या लागल्या, त्यात कोकणचा किनाराही होता. आज एकेक चक्की त्याच्या पन्नासपट आणि वर. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा सरकारी पैसा २०२४ मध्ये मंजूर झाला तो गुजरात आणि तामिळनाडूसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॉट. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. पण दाभोळला 'अजून' या शब्दाचा अनुभव आहे.

चिडचिड आहे ती वेगळीच. उपाय महाग असते तर समजू शकलो असतो. स्पेनमध्येच, तारिफाकडे, त्यांनी भाकिताचा नाद सोडून साधी गोष्ट केली. माणसं बसवली. गिधाड चक्कीच्या रोखाने येताना दिसलं की फोन, आणि ती एक चक्की थांबवायची. पक्षी गेला की पुन्हा सुरू. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले. विजेचं नुकसान किती झालं असेल? ०.०७ टक्के. शंभर रुपयांत सात पैसे. आमच्याकडे तेवढी वीज गणपतीच्या मांडवाच्या आकड्यावर जाते आणि वायरमन आरतीला हजर असतो. स्म्योलात त्याहून सोपं केलं. चार चक्क्यांवर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं. पांढरी पाती वेगात फिरताना पुसट होतात, एक काळं असलं की पक्ष्याला हलती वस्तू दिसते. मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त घटले. चार चक्क्यांचा छोटा प्रयोग आहे, त्यावर नाचू नये, हेही खरं. पण एक डबा काळा रंग लावून बघायला कोणती समिती नेमावी लागते? पावसाळ्याआधी होडीला डांबर-रंग लावणारी माणसं वेलदुरात कमी आहेत का?

भाकितापेक्षा चक्की थांबवायचं बटण किंवा रंगाचा डबा स्वस्त पडतो, हे दोन देशांनी दाखवून दिलं. तरी जगभर पैसा जातो तो भाकितावर. कारण भाकीत एकदा करायचं असतं, चक्की उभी राहण्याआधी, आणि ते फाइलला लागलं की सगळे सुटले. बटणाशी रोज कुणीतरी बसावं लागतं, आणि पक्षी मेला तर त्याला विचारता येतं की बाबा, तू कुठे होतास?

तेव्हा दाभोळकरांनो, अंजनवेलकरांनो, दापोली-गुहागरच्या सड्यांवर राहणाऱ्यांनो, उद्या कुणी लॅपटॉप घेऊन ग्रामसभेत आला आणि म्हणाला की आमच्या अभ्यासानुसार वर्षाला शून्य पूर्णांक तीन गरुड मरतील, तर त्याला तीन दशांश गरुड कसा दिसतो हे विचारण्यात वेळ घालवू नका. टाळण्याचा दर किती धरला आणि का, ते विचारा. चक्क्या फिरायला लागल्यावर मढी कोण मोजणार, आणि तो आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार का, ते विचारा. थांबवायचं बटण कुणाच्या हातात असेल, त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या. आणि प्रकल्पाला नाव मात्र ज्याची जमीन जाणार आहे त्याच गावाचं द्यायला लावा. आमचं एकदा देऊन झालं आहे.